अख्ख्या गल्लीचा एकच नंबर

काकांनी मोबाइलचं ॲप करायचं ठरवलं ते एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना आणि मुख्य म्हणजे कुणीही सांगितलेलं नसताना.

काका म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरचे चष्मेवाले. सगळी गल्ली त्यांना काका म्हणे आणि त्यांच्या बायकोला काकू. हे नातं आपल्याला पसंत आहे का, असं काकूंना कुणी विचारलं नव्हतं. दुकान दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत काका गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवत, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत, डोळ्यांपुढे एकामागून एक भिंगं धरून ‘हे बरं की ते बरं?’ असं मायेनं विचारत आणि नंबर काढत. मागच्या खोलीत काकू कपाटातून त्या नंबरची भिंगं काढत, चाकावर पाणी सोडून त्यांच्या कडा घासत आणि फ्रेममध्ये बसवत. मधल्या भिंतीत एक खिडकी होती. तिच्यातून काका फ्रेम आत सरकवत आणि नंबर ओरडून सांगत. चाक घरघरत असे, त्यामुळे काका मोठ्यानं ओरडत, आणि गल्लीत कुणाला किती दिसत नाही हे चार दुकानांपलीकडच्या किराणावाल्यालाही पाठ झालेलं होतं.

त्या दुपारी काकूंनी चाक थांबवलं आणि खिडकीतून सांगितलं, “अहो, चौकातल्या मोठ्या दुकानाचा मॅनेजर आला होता. मला बोलावतोय तिकडे कामाला.”

“हो हो, परवापर्यंत देतो म्हणावं,” काका म्हणाले. ते खुर्चीत बसून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीकडे बघत होते. वाऱ्यानं ती चादर फुगत होती आणि बसत होती, आणि काकांचं मन तिच्याबरोबर फुगत होतं आणि बसत होतं.

काकू हात पुसत दारातून बाहेर आल्या आणि तेच पुन्हा सांगितलं. तिकडे नवं मशीन आहे. भिंग ठेवायचं, बटण दाबायचं. काच जाणणारं माणूस त्यांना हवंय. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मॅनेजर उत्तर न्यायला येणार आहे.

“आणि तू काय सांगणार?” काकांनी विचारलं.

“मी अजून काही ठरवलेलं नाही. पण इतकी वर्षं त्या खिडकीतून ओरडणं ऐकतेय मी. माझा जीव विटला.”

वाक्य अगदी सरळ होतं. पण काकांच्या डोक्यात ते जाईपर्यंत त्यातला ‘जीव’ गळाला आणि ‘ओरडणं’ तेवढं उरलं. म्हणजे भानगड आवाजाची आहे तर! आवाज बंद केला की काकू राहतील. काकूंशिवाय हे दुकान कसं चालेल, हा विचार काकांनी करून पाहिला, तेव्हा त्यांना दुकान दिसेना; मागच्या खोलीतला दिवा विझलेला तेवढा दिसला. त्यांना रडूच आलं असतं, पण तेवढ्यात समोरचा सलूनवाला आला.

सलूनवाल्याला गल्लीतली कुठलीही गोष्ट सांगावी लागत नसे, त्याला ती आपोआप कळे. “कागदावर लिहून द्या की नंबर,” तो म्हणाला. “त्यात काय एवढं?”

काकांनी लिहून दिला. मागच्या खोलीत चाकाचं पाणी उडे. काकूंनी कागद उचलला, तेव्हा त्यावर नंबर नव्हता, निळसर ढग होता. दुसरा कागद काकूंच्या बोटाला चिकटून चाकावर गेला. झेरॉक्सवाला म्हणाला, जगातल्या सगळ्या नंबरांची कार्डं छापून लॅमिनेट करून देतो, उजव्या डोळ्याची वेगळी, डाव्याची वेगळी. किराणावाल्यानं सुचवलं की खिडकीला घंटी बांधा, जितका नंबर तितके टोले. त्यावर पाव आणि पाऊण नंबरांचं काय, असं काकांनी विचारलं, तेव्हा किराणावाला विचारात पडला आणि त्या विचारात त्यानं दुसऱ्याच गिऱ्हाइकाला साबण दिला.

काका मात्र स्वप्न बघत होते. स्वप्नात एक फोन होता. फोनवर एक स्क्रीन, तिच्यावर त्यांनी नंबर भरलाय. ‘पुढे’ म्हणून एक बटण. ते दाबलं की दुसरी स्क्रीन हळूच उघडते, मोठ्या, शांत अक्षरांची. मग प्लॅस्टिकच्या पिशवीतला तो फोन खिडकीतून आत सरकतो, पाण्यानं भिजत नाही, ओरडत नाही, आणि काकू त्याच्याकडे बघून हसतात. एवढ्यासाठी फोन कशाला, पाटी-पेन्सिल चालली असती, असं पुढे पुष्कळांनी काकांना ऐकवलं. ज्यांनी कधी स्वप्नच पाहिलं नाही, त्यांना काय सांगायचं!

झेरॉक्सच्या दुकानावर ॲप शिकवण्याचा क्लास होता. पहिल्या संध्याकाळी काका आत शिरले तेव्हा सगळा वर्ग उठून उभा राहिला. काकांना भरून आलं. त्यांनी हातानंच बसा म्हटलं आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसले, तेव्हा वर्गाला कळलं की हे शिकवणारे नव्हेत. तोवर खऱ्या मॅडम मागून आल्या होत्या आणि त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा उठायला कुणी तयार नव्हतं.

मॅडम तिशीच्या होत्या, घसा बसलेल्या आणि दमलेल्या. पण त्यांनी पहिलंच वाक्य असं टाकलं की काका त्यांचे झाले. “एका स्क्रीनवरून दुसरीवर आपोआप जाता येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “आधी फोनला आपला हेतू सांगावा लागतो. त्याला इंटेंट म्हणतात. कुठे जायचंय ते त्यात लिहायचं. आणि सोबत काही न्यायचं असेल तर ते त्याच्याच हाती द्यायचं. नाहीतर दुसरी स्क्रीन उघडेल, पण तिला पहिलीवरचं काही म्हणजे काही ठाऊक नसेल.”

काकांनी डोळे मिटले. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना काय आणायला निघालो ते विसरणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. त्यात ते स्वतःही होते. परवाच ते स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भिंतीकडे बघून परत आले होते. फोनचंही तसंच आहे हे ऐकून त्यांना फोनबद्दल घरच्या माणसासारखी आपुलकी वाटली. हेतू निघतो, हातात शिदोरी घेऊन, आणि पलीकडच्या दारात ती सोडतो. काका तासभर हसत बसले, आणि मॅडमना वाटलं यांना सगळं समजलं.

आता, समजणं आणि जमणं यांच्यामध्ये जी खिडकी असते, तिच्यात काकांचे पुढचे बरेच दिवस गेले. दुपारी दुकानात बसून ते जुन्या लॅपटॉपवर दोन बोटांनी टाइप करत. पहिली स्क्रीन झाली. दुसरी झाली. काकांनी सलूनवाल्याला, झेरॉक्सवाल्याला आणि एका गिऱ्हाइकाला अर्ध्या तपासणीतून उठवून साक्षीला उभं केलं आणि ‘पुढे’ दाबलं. ॲप बंद पडलं. पुन्हा दाबलं. पुन्हा बंद पडलं.

“चाललंय की,” सलूनवाला म्हणाला. “दर वेळी बंद पडतंय. अगदी नेमानं.”

मॅडमनी पाहून सांगितलं की काकांनी दुसऱ्या स्क्रीनची नोंदच केलेली नाही. ॲपच्या आत एक नोंदीची फाइल असते. जितक्या स्क्रीन, तितक्यांची नावं तिच्यात घालावी लागतात. नोंद नाही तर फोनच्या लेखी ती स्क्रीन जन्मलेलीच नाही. “पण ती आहे ना! ही बघा, मी केलीय, डोळ्यांना दिसतेय,” काका कळवळून म्हणाले. मॅडम म्हणाल्या, “दिसून उपयोग नाही. नोंद हवी.” एके काळी स्वतःच्या हयातीचा दाखला आणायला काका स्वतः हजर राहिले होते, तेव्हा समोरचा कारकून याच सुरात हेच म्हणाला होता. फोनच्या आतसुद्धा तो जाऊन बसला असेल असं मात्र काकांना वाटलं नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं नोंद केली.

मग स्क्रीन उघडली आणि तिच्यावर शून्य आलं. काहीही भरा, पलीकडे शून्य. पलीकडे वस्तू सापडली नाही तर काय समजायचं, तेही आधी सांगून ठेवावं लागतं, आणि काकांनी ‘शून्य समज’ असं सांगून ठेवलं होतं. ज्या नावाची चिठ्ठी लावून शिदोरी पाठवली, त्या नावानं पलीकडे कुणी ती मागितलीच नव्हती. हे उलगडेपर्यंत निवृत्त पोस्टमनना शून्य नंबरची, म्हणजे निव्वळ काचेची, एक जोडी बसवून झाली होती. पोस्टमन ती घालून रस्त्यावर गेले, परत आले आणि म्हणाले, “काका, फारसा फरक वाटत नाही.” काका सवयीनं म्हणाले, “दोन-चार दिवसांत सवय होईल.”

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. चष्मेवाल्यांचा सगळा धंदा या वाक्यावर उभा असतो. नवा चष्मा घातला की जमीन वर आल्यासारखी वाटते, पायरी लांब दिसते, डोकं जड होतं. आणि ते खरोखरच चार दिवसांत जातं. त्यामुळे काका हे वाक्य प्रत्येकाला सांगत आणि प्रत्येक जण त्यावर विश्वास ठेवी. काकांच्या सांगण्यावरून गल्लीनं आजवर पुष्कळ गोष्टींची सवय करून घेतली होती.

शून्य गेलं, तर नवीनच त्रास उपटला. काका ‘पुढे’ दाबत तेव्हा दर वेळी दुसऱ्या स्क्रीनची नवी प्रत उघडे आणि आधीच्यांवर जाऊन बसे. काका अधीर, दोन-तीनदा दाबत. मग काकू मागे जायचं बटण दाबायला लागल्या की एकीखाली एक तीच स्क्रीन. “अहो, हे संपतच नाही,” काकू आतून म्हणाल्या. “कांद्यासारखं सोलतेय मी.” काकांनी कुठूनसं शोधून एक ओळ घातली: नवी उघडू नकोस, जुनीच पुढे आण. आणि काय आश्चर्य, सगळं सुरळीत झालं. नंबर भरला, ‘पुढे’ दाबलं, जुनीच स्क्रीन शहाण्यासारखी पुढे आली. मॅडमना दाखवावं असं मनात आलं होतं, पण इतक्या सुंदर चाललेल्या गोष्टीला बाहेरच्याची नजर कशाला लावा, म्हणून काकांनी ते टाळलं.

ज्या दिवशी ॲप खऱ्या अर्थानं सुरू झालं, त्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शिकवणीच्या बाई. त्या घरी मुलांच्या शिकवण्या घेत आणि त्यांना जवळचं वाचायला चष्मा लागे. काकांनी नंबर भरला, बटण दाबलं, पिशवीतला फोन फ्रेमबरोबर खिडकीतून सरकवला. ओरडले नाहीत. आत चाक घरघरलं, थांबलं आणि चष्मा बाहेर आला. बाईंनी तो लावून हातातला मजकूर वाचला आणि म्हणाल्या, “झकास!”

दुकानात इतकी शांतता काकांनी कधी अनुभवली नव्हती. फोन आत जाई, बाहेर येई. मागून सलूनवाला आला, पोस्टमन आपली काच बदलून घ्यायला आले, वकीलसाहेब आले, एकमेकींशी वर्षभर न बोलणाऱ्या दोघी जावा वेगवेगळ्या वेळा पाळून आल्या. अधूनमधून खिडकीतून काकूंचा आवाज येई.

“अहो, परत हाच नंबर?”

“स्क्रीनवर आहे ना? मग तोच,” काका म्हणत.

“अहो, यांनाही हाच?”

“हो, हो.”

संध्याकाळकडे काकू म्हणाल्या, “या नंबरची भिंगं संपली बरं का कपाटातली. कधी नव्हे ते.”

“मागवतो की!” काका आनंदानं म्हणाले. धंदा वाढतोय आणि बायको आतून गोड आवाजात विचारपूस करतेय, आणखी काय हवं! पुढचे बरेच दिवस हे असंच चाललं. काका पुढच्या खुर्चीत बसून गच्चीवरच्या चादरीकडे बघत, आणि ती चादर आता त्यांना शिडासारखी वाटे.

आणि त्या दिवसांत गल्लीला काहीतरी झालं. नक्की काय ते कुणालाच सांगता येत नव्हतं. माणसं हळू चालायला लागली. पायरी उतरताना थांबत, पाऊल चाचपून ठेवत. दुपारच्या उन्हाला एक मऊ साय आल्यासारखी झाली. दिव्यांच्या खांबांभोवती संध्याकाळी गोल, पिवळी, मोठाली फुलं उमलत. दुकानांच्या पाट्या वाचता येईनात, त्यामुळे लोक आत जाऊन विचारपूस करत आणि विचारपूस करता करता बसत. समोरून येणारा माणूस कोण ते कळत नसे, म्हणून सगळे सगळ्यांकडे बघून हसत. दोघी जावा भाजीवाल्यापाशी समोरासमोर आल्या आणि एकमेकींना भलतंच कुणी समजून इतक्या प्रेमानं बोलल्या की ओळख पटल्यावर आता भांडण परत सुरू कसं करायचं, हे दोघींना सुचेना. वकीलसाहेबांनी उलटतपासणीत साक्षीदाराला ‘बाळ’ म्हटलं. सलूनवाल्यानं एकाची मिशी एका बाजूनं अंमळ जास्त उडवली आणि मग दुसरी बाजू तिच्या बरोबरीला आणता आणता मिशीच राहिली नाही. तरी ते गिऱ्हाईक आरशात बघून म्हणाला, “तरुण दिसतोय मी,” कारण त्याचाही चष्मा काकांकडचाच होता.

कुणी तक्रार केली नाही. सगळे सवय व्हायची वाट बघत होते.

हे स्वप्न मोडलं शिकवणीच्या बाईंनी. त्या मुलाचे केस कापून घ्यायला सलूनमध्ये बसल्या होत्या. चष्मा घरी राहिला होता आणि मांडीवर वह्यांचा गठ्ठा होता. त्यांनी सलूनवाल्याचा चष्मा घटकाभर मागून घेतला आणि चरचर वह्या तपासल्या. मग त्या थबकल्या. शेजारी बसलेल्या पोस्टमनचा चष्मा त्यांनी मागून पाहिला. मग वकीलसाहेबांचा. मग त्या तिन्ही चष्मे हातात घेऊन रस्ता ओलांडून दुकानात आल्या, आणि त्यांच्यामागून ते तिघे डोळे बारीक करत आले.

“काका,” बाई म्हणाल्या, “हा माझा चष्मा आहे. हाही माझा आहे. आणि हाही माझाच आहे.”

काकांनी तिन्ही चष्मे उजेडासमोर धरले. एक, दुसरा, तिसरा. त्यांचा चेहरा उतरला. माणसाचा नंबर काढण्यात आपला हात कुणी धरणार नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा एकुलता एक अभिमान होता, आणि नंबर त्यांनी अचूकच काढले होते. प्रत्येकाचा वेगळा. तरी सगळी गल्ली एका बाईंच्या डोळ्यांनी बघत हिंडत होती.

“असं कसं झालं?” काका म्हणाले.

“मी विचारलं होतं,” खिडकीतून आवाज आला. काकू रागावलेल्या नव्हत्या, आणि त्याचीच काकांना भीती वाटली. “दर वेळी विचारलं होतं. परत हाच नंबर? यांनाही हाच? भिंगं संपली, तेही सांगितलं.”

पोस्टमननी आपला चष्मा काकांच्या हातातून हळूच काढून घेतला. “माझा राहू दे असाच,” ते म्हणाले. “जन्मभर घरांवरचे पत्ते वाचले. आता जरा न वाचता फिरतो. संध्याकाळी दिवे काय दिसतात म्हणून सांगू!”

काका क्लासला गेले ते मान खाली घालून. मॅडमनी ॲप उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. जुनीच स्क्रीन पुढे आण, असं सांगितलंत ना? मग ती आली पुढे. पण नवी शिदोरी आली की तिच्याकडे बघ, असं तिला सांगितलंच नाहीत. ती बिचारी त्या पहिल्या सकाळी मिळालेलीच उराशी धरून बसली.

“म्हणजे तिला कुणी काही दिलं, तरी ती आपली जुन्याच नादात,” काका म्हणाले.

“हो. आणि दुसरं असं, की तुमची पहिली स्क्रीन नुसती पाठवते. उत्तर घ्यायची सोयच नाही तिच्यात. एखादी स्क्रीन उघडायची आणि ती काय उत्तर घेऊन परत येते याची वाट बघायची, असंही करता येतं. शिकवलं होतं मी. तुम्ही म्हणालात, मला गरज नाही.”

काकांना आठवलं. खरंच म्हणाले होते. जिना उतरताना त्यांना आपल्या दुकानाची ती खिडकी दिसायला लागली, नंबर आत जातोय, आत जातोय, वर्षानुवर्षं आत जातोय. आणि आतून जे जे बाहेर आलं ते आपल्या कानाशी येऊन परत गेलं. काकूंची तक्रार नुसत्या आवाजाबद्दल नव्हतीच. काका जिन्यातच बसले. आपण मूर्ख आहोत ही गोष्ट त्यांना इतकी स्वच्छ दिसली की त्यासाठी कुठलाच चष्मा लागला नसता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ॲपमध्ये उत्तराची जागा केली. पहिल्या स्क्रीनवर नंबराच्या ठिकाणी लिहिलं, ‘मोठ्या दुकानात जाणार का?’ ‘पुढे’ दाबलं आणि फोन खिडकीतून सरकवला. आणि मग ते वाट बघत बसले. गच्चीवर चादर फुगत होती, पण काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. आत चाक थांबलं. बराच वेळ काही झालं नाही. मग फोन परत आला. पहिली स्क्रीन उघडी होती आणि उत्तराच्या जागी एकच शब्द होता: रद्द.

काय रद्द? जाणं रद्द, की राहणं, की सगळंच? ते उठले आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा मधल्या दारातून मागच्या खोलीत गेले. खोली त्यांना वाटत होती त्यापेक्षा लहान होती, आणि भिंती ओलसर. काकू स्टुलावर बसल्या होत्या.

“रद्द म्हणजे गं काय?” काकांनी विचारलं.

“मला काय ठाऊक! मी नुसतं मागे जायचं बटण दाबलं.”

खुलासा शास्त्रशुद्ध होता. उत्तर न देता नुसतं मागे आलं, की फोन ते ‘रद्द’ असंच धरतो. मॅडमनी तेही शिकवलं होतं.

“मग उत्तर का नाही लिहिलंस?”

“असलं काही बटणावर सांगतात का?” काकूंनी चाकावरचं पाणी बंद केलं. “इथे येऊन विचारायला काय झालं होतं तुम्हाला? चार पावलं तर आहेत.”

काका खाली बघत म्हणाले, “तू गेलीस तर मला फार वाईट वाटेल. दुकानाचं नव्हे. मला.” हे बोलायला त्यांना इतका त्रास झाला की बोलून झाल्यावर त्यांनी कपाटाला हात टेकला.

काकूंनी हात पुसले. “शनिवारी सांगेन,” त्या म्हणाल्या. “तोवर ते सगळे चष्मे नव्यानं करायचे आहेत. तुम्ही आता पुढे बसलात तर लोक तुमच्याशी भांडतील. मी बसते पुढे. तुम्ही घासा.”

अशा तऱ्हेनं काका स्टुलावर आले. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन भिंगं फोडली आणि शर्टाच्या पुढच्या भागानं मनसोक्त पाणी प्यायलं. काकू पुढच्या खोलीत माणसांना खुर्चीत बसवत. माणसं भांडायला येत आणि तक्रार पुरी सांगून झाली की शांत होत, कारण काकू ती पुरी ऐकत. तपासणी त्यांना येतच होती. इतकी वर्षं भिंतीपलीकडून त्यांनी प्रत्येक ‘हे बरं की ते बरं’ ऐकलेलं होतं. फोन गल्ल्यावर पडून राहिला. काकू खिडकीशी येऊन नंबर सांगत आणि विचारत, “काय ऐकलंत?” काकांनी तो नंबर जसाच्या तसा म्हणून दाखवल्याशिवाय त्या खिडकीपासून हलत नसत. चुकला तर पुन्हा. सलूनवाला समोरून बघून म्हणाला, “काकांची शिकवणी लागली.”

काका ऐकून घेत. आतून गच्ची दिसत नव्हती. पण चाकावरून उडणाऱ्या पाण्यात दुपारी कधीतरी, खिडकीतून ऊन आलं की, इवलंसं इंद्रधनुष्य उमटे. हे काकू इतकी वर्षं एकट्याच बघत असणार, आणि त्यांनी ते सांगितलंही असणार, असं काकांच्या मनात आलं.

शनिवारी मॅनेजर आला. काकांनी चाक बंद केलं आणि ते कान देऊन स्टुलावर बसून राहिले. बाहेर मॅनेजर नव्या मशीनबद्दल बोलत होता, थंडगार खोलीबद्दल बोलत होता. मग तो थांबला, आणि काकूंचा आवाज आला. मोठा नव्हता, पण एकेक शब्द स्पष्ट होता.

“मशीन मी बघून आले. चांगलं आहे. पण मी येणार नाही. मला इथे ही पुढची खुर्ची मिळालीय, ती मी आता सोडत नाही. मागे आता हे बसतात.”

मॅनेजरच्या बुटांचा आवाज पायऱ्या उतरून गेला. काकांचं तोंड उघडं राहिलं होतं. त्यांना वाटलं होतं, चष्मे नव्यानं करून झाले की पुन्हा आपली खुर्ची, ती गच्ची, ते ‘हे बरं की ते बरं’. खिडकीत काकूंचा चेहरा आला.

“अहो, काय ऐकलंत?”

“तू जाणार नाहीस,” काका म्हणाले.

“अर्धंच. पुढचं?”

काकांनी ओल्या शर्टाला हात पुसले. खिडकीतून त्यांना पुढची खुर्ची दिसत होती.

“पुढची खुर्ची तुझी,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “मागे मी बसतो.”

“बरोबर,” काकू म्हणाल्या आणि फ्रेम आत सरकवली.